क्लारा बार्टन : आजाऱ्याच्या उशाशी गेलेले बालपण

पांढऱ्या कापडावरील लाल क्रूस पाहिला नाही असा आमचा वाचक विरळा. महापूर येवो, भूकंप होवो, गावात रक्तदानाचे शिबिर भरो, ती खूण तेथे दिसतेच. रेडक्रॉसचे मूळ जिनिव्हा शहरात १८६३ साली रुजले आणि आपल्या देशात ती संस्था १९२० च्या कायद्याने स्थापन झाली. अमेरिकेत मात्र तिला १८८१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तेथे ती उभी केली एका साठीच्या घरात पोहोचलेल्या अविवाहित बाईने. तिचे नाव क्लारा बार्टन. रणांगणावरील तिच्या सेवेची गोष्ट पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. आम्हांला आज तिच्या घराविषयी लिहावयाचे आहे. त्या घरात दोन भावंडे आजारी होती. त्यांतील एकाच्या आजाराची हकीकत क्लाराने स्वतः जगाला सांगितली. दुसरीच्या आजाराविषयी घरातील सर्वांनीच ओठ मिटून घेतले. या दोन आजारपणांमध्ये एक धडधाकट मूल वाढत होते आणि त्याची चौकशी करावयास फारशी कोणाला सवड नव्हती.

क्लाराचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजी, नाताळाच्या दिवशी, मॅसॅच्युसेट्स प्रांतातील नॉर्थ ऑक्सफर्ड या खेड्यात झाला. वडील कॅप्टन स्टीफन बार्टन हे शेतकरी. तरुणपणी ते सैन्यात होते आणि रात्री चुलीपाशी बसून धाकटीला लढायांच्या गोष्टी सांगत. आई सारा कामसू, पण रागीट. घराचा संबंध ऑक्सफर्ड येथील युनिव्हर्सलिस्ट मंडळीशी होता. थोरली बहीण डोरोथी, तिला घरात डॉली म्हणत, ती क्लारापेक्षा सतरा वर्षांनी मोठी. मग स्टीफन, डेव्हिड आणि सॅली. सॅली आणि क्लारा यांच्यातही दहा वर्षांचे अंतर होते. शेंडेफळाला खेळावयास बरोबरीचे कोणी नव्हते. होते ते सगळे गुरुजी! बहिणींनी वाचन शिकवले, स्टीफनने गणित, आणि डेव्हिडने पाच वर्षांच्या पोरीला बिनखोगिराच्या शिंगरावर बसवून आयाळ घट्ट धरावयास शिकवले. तीन वर्षांची असताना स्टीफनच्या खांद्यावर बसून ती शाळेत गेली, तेव्हा तिला मोठमोठ्या शब्दांची स्पेलिंगे येत होती. घोड्यावर ती निर्भय असे. माणसांपुढे मात्र तिचा जीव घाबरा होई. बोलताना ती किंचित बोबडी येई. आठव्या-नवव्या वर्षी तिला निवासी शाळेत ठेवले, तर तेथे ती इतकी बुजली की अन्न गोड लागेना. शेवटी वडिलांना तिला घरी परत आणावे लागले.

क्लारा सहा वर्षांची असेल-नसेल, तेव्हा डॉलीचे मन बिघडले. डॉली हुशार होती, शिक्षिका होती. धाकटीला अक्षरे गिरवावयास तिनेच शिकवली होती. मग तिला झटके येऊ लागले, ती अंगावर धावून जाऊ लागली, आणि घरच्यांनी तिला बंद खोलीत ठेवले. त्या काळी मनाच्या आजारावर उपाय म्हणण्यासारखा काही नव्हता. वेड्यांसाठी असलेल्या जागांची कीर्ती अशी होती की, ज्यांच्या अंगी थोडी माया होती ते आपले माणूस घरीच कोंडून ठेवीत. बार्टन मंडळींनी तसेच केले. १८४६ साली डॉली वारली तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे, हे चालू होते. कालपर्यंत मांडीवर घेऊन वाचावयास शिकवणारी ताई आज कुलपाआड का, आणि आपण हळू का चालावे, याचे उत्तर सहा वर्षांच्या मुलीला कोणी कोणत्या शब्दांत दिले असेल? बहुधा कोणत्याच नाही. अशा घरातील मूल प्रश्न विचारणे सोडून देते आणि मोठ्यांचे चेहरे वाचावयास शिकते.

दुसरा आजार १८३२ च्या सुमारास आला. शेजारी नव्या कोठाराचा लाकडी सांगाडा उभारला जात होता. अशा कामाला त्या मुलुखात सारा गाव जमे. डेव्हिड त्या वेळी चोविशीतला, तालुक्यात नाव असलेला घोडेस्वार, धाडसी गडी. सर्वांत उंच आढ्यावर चढावयास तोच पुढे झाला. पायाखालची फळी मोडली आणि तो खाली लाकडांच्या राशीवर पायांवर आदळला. हाड मोडले नाही. उठून चालूही लागला. पण थोड्याच दिवसांत डोकेदुखी सुरू झाली, मग ताप, आणि तो ताप काही केल्या उतरेना. धडधाकट मनुष्य अंथरुणाला खिळला.

क्लारा तेव्हा अकरा वर्षांच्या आसपासची. तिला कोणी नेमले नाही. ती आपण होऊन त्याच्या उशाशी जाऊन बसली आणि तेथून हलेना. औषध द्यावयाचे ते तिने, पाणी द्यावयाचे ते तिने. डेव्हिडलाही अशी सवय झाली की दुसऱ्या कोणाच्या हातचे त्याला चालेना. त्या काळच्या वैद्यकाची समजूत अशी होती की अंगात रक्ताचा जोर वाढल्याने ताप येतो, म्हणून रक्त काढावे. आज आपल्याला ठाऊक आहे की अशाने रोगी अधिकच खचतो; पण शाळा शिकलेले, नावाजलेले डॉक्टर तेच करीत. फोड उठवणारे लेप लावीत, शीर उघडीत, जळवा लावीत. त्या वळवळणाऱ्या जळवा हातात धरून भावाच्या अंगाला लावावयाचे काम या मुलीकडे आले. पहिल्याने तिला शिसारी आली असणार. पण ती शिकली. शाळा बंद झाली, घोडा बंद झाला, खेळ बंद झाला. दोन वर्षांत तिने जेमतेम अर्धा दिवस सुटी घेतली, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी हात टेकले. मग वाफेची स्नाने देऊन उपचार करणाऱ्या एका वैद्याकडे डेव्हिडला नेले. त्याने रक्त काढणे बंद केले, आणि थोड्याच आठवड्यांत रोगी उठून बसू लागला. वाफेने गुण आला की जळवा थांबल्याने, हे वाचकांनीच ठरवावे. आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

डेव्हिड बरा झाला, घरात आनंद झाला, आणि मग कोणाचे तरी लक्ष क्लाराकडे गेले. दोन वर्षांत तिचे वजन वाढले नव्हते. उंचीही जेथल्या तेथे. पुढे प्रौढपणी ती पाच फुटांच्या आसपासच राहिली, आणि या गोष्टीचा संबंध ती स्वतः त्या दोन वर्षांशी जोडी. तिच्या वाढीच्या वयात घरातले सर्व डोळे खाटेवरच्या माणसाकडे होते. खाटेशेजारी बसलेल्या पोरीच्या ताटात काय पडते ते कोणी पाहिले नाही. यात कोणाला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. आईबाप शेतात राबत होते, एक मुलगी खोलीत बंद होती, एक मुलगा मरणाच्या दारी होता. तिसरे मूल कुरकुर न करता काम करते आहे, एवढाच त्यांना दिलासा होता.

येथे थोडे विषयांतर करतो. प्रार्थनेसाठी आम्ही मंडळीतील घरोघर जातो. ज्या घरी दीर्घ आजारी मूल असते, कोणाला फिट येतात, कोणाचे रक्त वरचेवर बदलावे लागते, कोणी जन्मापासून उठू शकत नाही, त्या घरी आपण सर्व जण त्या मुलाच्या खाटेभोवती बसतो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, बिस्किटाचा पुडा त्याच्या हातात देतो. इतक्यात आठ-नऊ वर्षांची बहीण आतून तांब्या-भांडे घेऊन येते. पाळकसाहेब म्हणतात, किती गुणी पोर आहे! आई म्हणते, हिचा काही त्रास नाही हो. आणि ती पोर मान खाली घालून आत जाते. शुभवर्तमानात आजारी लाजराच्या बहिणी निरोप धाडताना आपण वाचतो. तो निरोप जाईपर्यंत त्यांनी किती रात्री जागून काढल्या असतील, हे मात्र आमच्या प्रवचनांतून क्वचितच येते. त्रास न देणारे मूल त्रास न देण्याची किंमत कशी भरते, ते पाहावयाचे असेल तर क्लारा बार्टनचे पुढचे आयुष्य पाहावे.

भाऊ उठला आणि ही मुलगी जणू बेकार झाली. हातांना काम नाही, म्हणजे आपला उपयोग नाही, आणि उपयोग नाही तर मग आपण या घरात कशासाठी, असे तिला वाटू लागले. लोकांपुढे जाण्याची भीती होती ती दुपटीने परत आली. नवे हातमोजे हवे असले तरी मागण्याची तिला लाज वाटे. आई काळजीत पडली. १८३६ च्या सुमारास लॉरेन्झो फाउलर नावाचे एक व्याख्याते गावात आले व बार्टनांच्या घरी उतरले. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगण्याचे त्यांचे शास्त्र होते. ते शास्त्र आज खोटे ठरले आहे, पण माणूस जाणता असावा. क्लारा त्या वेळी गालगुंडाने आजारी होऊन शेजारच्या खोलीत पडली होती, आणि आई व पाहुणे यांचे बोलणे तिच्या कानी पडत होते. ही मुलगी स्वतःसाठी कधी तोंड उघडणार नाही, पण दुसऱ्यासाठी कोणालाही भिणार नाही, तेव्हा हिच्यावर जबाबदारी टाका, हिला एखादी शाळा द्या, असा त्यांचा सल्ला पडला. स्वतः आजारी पडली तेव्हा कुठे घरात तिच्याविषयी सविस्तर बोलणे झाले. आणि त्या बोलण्यातून निघाले काय, तर आणखी एक काम! सल्ला चुकीचा नव्हता. पण या मुलीने थोडे खेळावे, असे कोणालाच सुचू नये याचे वाईट वाटते.

१८३९ साली, सतरा वर्षांची असताना, ती शिक्षिका झाली. आता आपण त्यांना मिस बार्टन म्हणू. पहिल्याच शाळेत त्यांच्याहून उंच, दांडगी मुले होती. मिस बार्टन सुटीत त्यांच्याबरोबर मैदानात उतरल्या आणि भावांकडून शिकलेल्या चेंडूफेकीने त्यांनी मुलांना गार केले. दहा-बारा वर्षे त्यांनी आपल्याच भागात शिकवले. १८५२ मध्ये न्यू जर्सीतील बोर्डनटाऊन येथे त्यांनी फुकट शाळा काढली. तेथे मूठभर मुलांपासून सुरुवात होऊन थोड्याच काळात पट सहाशेपर्यंत गेला. मग शाळासमितीने नवी इमारत बांधली आणि मुख्याध्यापक म्हणून जास्त पगारावर एका पुरुषाला आणले. मिस बार्टन भांडल्या नाहीत. त्यांचा आवाज गेला. अक्षरशः घशातून शब्द फुटेना. १८५४ मध्ये नोकरी सोडून त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि पेटंट कचेरीत पुरुषांइतक्या पगारावर कारकून झाल्या. हवापालट होताच आवाज परत आला.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. बाल्टिमोर शहरात जमावाने मार दिलेली मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण वॉशिंग्टनला पोहोचली, तेव्हा त्या भेटीस गेल्या, तर ओळखीचे चेहरे! त्यांतील कित्येक त्यांच्याच गावाकडचे, काही तर त्यांच्या बाकांवर बसलेले विद्यार्थी. त्यांना आपल्या घरातील चादरी फाडून दिल्या, खाऊ दिला, आणि तेथून पुढील कार्य सुरू झाले. वडील अखेरच्या आजारात होते म्हणून मध्यंतरी त्या घरी गेल्या. मार्च १८६२ मध्ये कॅप्टन बार्टन वारले, पण मुलीने सैनिकांकडे जावे याला त्यांनी मरणापूर्वी संमती दिली होती. त्याच वर्षी ऑगस्टपासून मिस बार्टन सामानाच्या गाड्या घेऊन थेट लढाईच्या जागी जाऊ लागल्या. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटम येथे एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून वीस हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. तेथे एका जखमी शिपायाला पाणी पाजत असता गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो शिपाई त्यांच्या हातातच मेला. रक्त, जखमा, सडका वास, यांपुढे धीट माणसेही मागे सरत. जळवा हातात धरणारी पोर तीस वर्षांपूर्वीच या गोष्टींना सरावली होती.

भावंडांचा धागा युद्धातही तुटला नाही. १८६३ मध्ये डेव्हिडला सैन्यात कोठीवाल्या अधिकाऱ्याची नेमणूक मिळाली आणि साऊथ कॅरोलिनातील हिल्टन हेड येथे त्याच्यासोबत मिस बार्टनही गेल्या. थोरला स्टीफन दक्षिणेत गिरणी चालवीत होता. युद्ध सुरू झाल्यावर तो शत्रूच्या मुलखात अडकला. १८६४ मध्ये तो उत्तरेच्या शिपायांच्या हाती लागला तेव्हा आजाराने पार खचलेला होता. बहिणीने अधिकाऱ्यांकडे खटपट करून त्याला सोडवले, आपल्याजवळ आणले आणि मार्च १८६५ मध्ये त्याचे प्राण जाईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. अकराव्या वर्षी जे केले तेच त्रेचाळिसाव्या वर्षी.

युद्ध संपले आणि हजारो घरे निरोपाची वाट पाहात राहिली. मुलगा मेला की जिवंत, भाऊ कैदेत की मातीत, काही कळेना. मिस बार्टन यांनी वॉशिंग्टनमध्ये बेपत्ता सैनिकांच्या शोधाची कचेरी उघडली. १८६५ ते १८६८ या काळात तेथून ६३,००० हून अधिक पत्रांना उत्तरे गेली आणि सुमारे २२,००० सैनिकांचा ठावठिकाणा लागला. जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या कैदखान्याजवळ सुमारे १३,००० कबरी होत्या. डोरेन्स ॲटवॉटर या तरुण कैद्याने जिवावर उदार होऊन लपवून ठेवलेल्या यादीवरून बहुतेक कबरींवर नावे लागली. आम्हांला विचाराल तर रणांगणापेक्षा हे काम मोठे. घरातल्या एका माणसाविषयी काहीही न सांगता जगणे कसे असते, हे मिस बार्टन यांना फार लहानपणी कळले होते.

काम संपले की त्या मोडत. हा प्रकार आयुष्यभर चालला. १८६८ मध्ये व्याख्यान देताना व्यासपीठावरच आवाज गेला. डॉक्टरांनी विश्रांतीसाठी युरोपला पाठवले. तेथे विश्रांती त्यांना खावयास उठे. जिनिव्हात रेडक्रॉसची माणसे भेटली, १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध सुरू झाले, आणि बाई लगेच उभ्या राहिल्या. मायदेशी परतल्यावर १८७४ मध्ये सॅली वारली. आता शुश्रूषा करावयास कोणी उरले नाही, आणि मिस बार्टन यांनी असे अंथरूण धरले की १८७६ मध्ये त्यांना न्यूयॉर्क प्रांतातील डॅन्सव्हिलच्या आरोग्यधामाजवळ जाऊन राहावे लागले. तेथे साधे अन्न, मोकळी हवा, आणि त्यांच्या आयुष्यात प्रथमच, दुसऱ्या कोणी त्यांची काळजी वाहणे. त्या बऱ्या झाल्या.

तेथूनच त्यांनी सरकारकडे रेडक्रॉससाठी तगादा लावला. २१ मे १८८१ रोजी संस्था स्थापन झाली. तिची पहिली स्थानिक शाखा ऑगस्टमध्ये डॅन्सव्हिल येथेच, लुथरन मंडळीच्या मंदिरात निघाली. मार्च १८८२ मध्ये अमेरिकेच्या सेनेटने जिनिव्हा कराराला मान्यता दिली. १८८९ मध्ये जॉन्सटाऊन येथे धरण फुटून दोन हजारांवर लोक वाहून गेले, तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या मिस बार्टन तेथे महिनोन्महिने राहिल्या. त्यांच्या कारभारावर टीकाही झाली. हिशेब व निर्णय त्या आपल्याच हाती ठेवीत, दुसऱ्यावर सोपवीत नसत. टीकेत तथ्य होते, आणि १९०४ मध्ये त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. ज्या मुलीच्या हातचेच औषध भावाला चाले, तिने म्हातारपणी चमचा दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नव्हते.

पुढे शाळांतील मुले त्यांना पत्रे लिहून लहानपणीच्या गोष्टी विचारीत. त्या मुलांसाठी त्यांनी १९०७ साली आपल्या बालपणाचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंनी त्यात घोडे, बर्फ, शाळा, चुलीपाशी बसलेले वडील, सारे काही आठवून लिहिले आहे. डेव्हिडचे पडणे, जळवा, ती दोन वर्षे, हेही आहे. डॉली त्यात येते ती धाकटीला शिकवणारी ताई म्हणून. तिच्या आजाराची कथा त्या पुस्तकात नाही. मिस बार्टन १२ एप्रिल १९१२ रोजी मेरिलँडमधील ग्लेन एको येथील आपल्या घरी वारल्या, आणि त्यांचे दफन नॉर्थ ऑक्सफर्डच्या स्मशानभूमीत, घरच्या माणसांजवळ झाले.